दरडोई

आमचे घरमालक माणसांना देश वाटायचे. दिल्लीत मयूर विहारच्या त्या सोसायटीत मी भाडेकरू म्हणून सामान टाकलं, त्याच संध्याकाळी मला जपान मिळाला. झालं होतं इतकंच, की काकूंनी कोकम सरबताचा जग टेबलावर ठेवला आणि मी आधी त्या दोघांचे पेले भरले, माझा तसाच ठेवला. काका खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, "ही जपानी. तिकडे बिअर प्यायला बसले की आपला ग्लास आपण भरत नाहीत. शेजारच्यानं भरायचा. दुसऱ्याचा ग्लास रिकामा झालाय का, याकडे लक्ष ठेवणारी माणसं." मी जळगावची, डीएड करून पहाडगंजच्या एका मराठी शाळेत नोकरीला आलेली. मनात म्हटलं, गृहस्थ जरा हललेले दिसतात. पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि शाळेची बस कोपऱ्यावर मिळत होती, म्हणून मी मुकाट जपानी झाले.

दूधवाला आयरिश होता, कारण आयर्लंडमध्ये बिअर ओततात तसा तो मापातला फेस खाली बसेपर्यंत थांबायचा आणि मग वरून भर घालायचा. सोसायटीचा सेक्रेटरी हंगेरियन. एक जानेवारीला गच्चीवर कोल्ड्रिंक वाटलं तेव्हा त्यानं काकांच्या पेल्याला पेला लावला नव्हता, आणि हंगेरीत बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटत नाहीत म्हणे. समोरच्या सरदारजींना त्यांनी ऑस्ट्रेलिया दिला होता. कुठंही गेले तरी "इस बार मेरी बारी" म्हणत ते सगळ्यांचं बिल भरायचे, आणि तिकडे म्हणे पाळीपाळीनं एकेकजण सगळ्यांची बिअर घेतो. काकूंना मात्र कुठला देश दिलेला मी ऐकला नाही. एकदा विचारलंसुद्धा. म्हणाले, "ती घरचीच आहे. तिला काय देश द्यायचा?"

सोसायटीतली पोरं त्यांना पाठीमागे 'बीयरवाले अंकल' म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. मूळचे साताऱ्याकडचे. शेतीखात्याच्या आकड्यांच्या कचेरीत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. कुठल्या राज्यात जव किती पिकला, त्यातला गुरांनी किती खाल्ला, हे सांगण्याचं काम. त्या काळात थेंबाला शिवले नव्हते. मग देशाची दारं उघडली, परदेशी कंपन्या आल्या, गुडगावला मोहरीच्या शेतांमधून काचेच्या इमारती उठायला लागल्या. त्यातल्या एका बिअर कंपनीला जवाचे आणि माणसांचे आकडे कळणारा माणूस हवा होता. काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तिकडे गेले. मराठी मंडळातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. "सरकारी नोकरी सोडून दारूवाल्याकडे?" काका शांतपणे म्हणायचे, "दारू नाही हो. जवाचं पाणी."

कंपनीनं त्यांना एकदा बाहेर पाठवलं. जर्मनी, बेल्जियम, प्राग, जपान. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, हे रीती घेऊन आले. बेल्जियममध्ये प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो, म्हणून घरात ताकाचा, पन्ह्याचा, पाण्याचा पेला वेगळा झाला. एकाचं दुसऱ्यात ओतलेलं खपायचं नाही. जर्मनीतल्या बाव्हेरियात पेल्याला पेला लावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, म्हणून मी खोकल्याचा काढा घेताना हे माझ्या डोळ्यांत बघत उभे. आफ्रिकेत ते गेले नव्हते, पण कुठंतरी वाचलं होतं की तिकडे काही गावांत एका मोठ्या मडक्याभोवती सगळे बसतात आणि लांब नळ्यांनी एकाच मडक्यातलं पितात. हे सांगताना ते दोन्ही हातांनी मडक्याचा घेर दाखवायचे. "एक मडकं गं. आणि भोवती अख्खं गाव."

पाडव्याला मंडळात पन्हं होतं. काकांनी एक पेला घेतला आणि कागदी बशी त्यावर उपडी ठेवली. जर्मनीत कलोन शहरात म्हणे ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवली की वाढप्याला कळतं, आता नको. ती ठेवली नाही तर तो आणतच राहतो. आमच्या वाढणाऱ्या बाईंना वाटलं, पन्ह्यात माशी पडली. त्यांनी पेला उचलून नवा भरून आणला. काकांनी पुन्हा बशी झाकली, बाईंनी पुन्हा पेला बदलला, आणि हे तोंडानं "नको" म्हणेनात. शेवटी काकूच उठल्या आणि म्हणाल्या, "पुरे त्यांना." घरी येताना रिक्षात काका कुरकुरत होते, "एवढं साधं कळत नाही लोकांना." काकू हसत होत्या. तेव्हा त्या हसायच्या.

त्यांच्या तोंडी सतत असलेला शब्द म्हणजे दरडोई. कुठल्याही गोष्टीला ते डोक्यांनी भागायचे. सोसायटीच्या टाकीतलं पाणी, घरात येणारे आंबे, शाळेतले खडू. "एकूण आकड्यानं फसायला होतं," ते म्हणायचे. "दरडोई काढ, मग खरं कळतं." जगात सगळ्यात जास्त बिअर दरडोई कोण पितं, तर चेक लोक. आणि आपला देश यादीच्या कुठल्या कुठं तळाशी. याचं त्यांना दुःख होतं. लोकांनी जास्त प्यावी असं नव्हे. त्यांचं म्हणणं निराळं होतं, आणि ते म्हणणं त्यांच्या जिवाचं होतं. "जो समाज चारचौघांत बसून, उजेडात, घरच्यांबरोबर पितो, तो बुडत नाही. बुडतो तो चोरून पिणारा. आपल्याला पिणं शिकवलंच नाही कुणी." कंपनीनं त्यांना बिअर विकायला नेमलं होतं आणि हे शिकवायला निघाले होते.

एका रविवारी दुपारी मला गुडगावला मावसबहिणीकडे जायचं होतं. काका म्हणाले, चल, मी पण तिकडंच निघालोय. वाटेत हरियाणाच्या हद्दीत एका दारूच्या ठेक्यापाशी त्यांनी गाडी थांबवली. लोखंडी जाळीतून हात आत, बाटली बाहेर, तिच्यावर वर्तमानपत्र. समोर मारुत्यांची रांग, इंजिनं चालू, काचा वर, आत चौघे चौघे, प्लास्टिकचे ग्लास आणि नमकीनची पाकिटं. काकांनी एका गाडीची काच वाजवली. आतल्या पोरानं ती जराशी खाली केली.

"बेटा, कंपनी से हूँ. स्वाद कैसा लगा?"

"स्वाद का क्या करना है, अंकल? चढ़नी चाहिए. स्ट्राँग आई कि नहीं आपकी?"

काका परत येऊन गाडीत बसले. गाडी रस्त्यावर आणली. मग म्हणाले, "दिल्ली पीत नाही. दिल्ली उरकते." मी हसले, आणि वळून पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले. माणूस बिअरसाठी रडतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

ते जे शिकवायला निघाले होते, त्याचा पहिला वर्ग त्यांच्याच बाल्कनीत भरायचा. रोज संध्याकाळी सहा वाजता. वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, एक बाटली, दोन ग्लास, भाजलेले शेंगदाणे. पडदा नाही, आडोसा नाही. समोरासमोर नवराबायको. काका ग्लास वाकडा धरून हलक्या हातानं ओतायचे, फेस दोन बोटं यायला हवा. मग काकूंच्या डोळ्यांत बघायचे, आणि गप्पा. एक बाटली तासभर पुरायची. मला कितीदा बोलावलं, पण मी आपली शेंगदाण्यांवर. खरं सांगायचं तर मला ते दृश्य आवडायचं. आमच्या घरी वडील आईशी बोलायचे ते "मीठ दे" एवढंच.

सोसायटीला ते आवडणं शक्यच नव्हतं. मीटिंगमध्ये हंगेरियन सेक्रेटरी म्हणाला, "अंकलजी, बच्चे देखते हैं. अंदर बैठकर लीजिए ना, कौन मना करता है?" झालं. काकांना तेच हवं होतं. म्युनिकच्या बागेत चेस्टनटच्या झाडाखाली आजोबा, सुना, बाबागाडीतली बाळं कशी एका बाकावर बसतात, यावर त्यांनी व्याख्यान दिलं. "अंदर बैठकर पीनेवालों से बच्चे ज्यादा बिगड़ते हैं," म्हणाले. ते जिंकले. मीटिंगनं विषयच सोडून दिला.

त्याचे परिणाम भोगले काकूंनी. दर गुरुवारचं भजन आमच्याकडे असायचं, ते पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेलं. जागा मोठी आहे म्हणे. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि काकूंना निरोपच आला नाही. चुकून राहिला असेल, असं आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितलं. चैत्रातलं झालं, निरोप नाही. श्रावणात त्यांनी वाट बघणंही सोडलं. काकांना म्हणाल्या तर ते म्हणाले, "कोत्या मनाच्या बायका. बरं झालं, सुटलीस." सुटली कसली? दिल्लीत मराठी बोलायला त्या चार बायकाच तर होत्या. मूलबाळ नाही, माहेर कऱ्हाडला. मला या एका वाक्याचा अजून राग येतो, आणि तो जात नाही.

मग कंपनीनं ठरवलं की हलकी बिअर इथं चालणार नाही, स्ट्राँगच काढायची. काकांनी अहवालावर अहवाल लिहिले. गोऱ्या साहेबानं त्यांना बोलावून सांगितलं, म्हणे, तुम्ही फार सुंदर लिहिता, आता जरा पंजाब आणि हरियाणा फिरून या आणि लोकांना किती स्ट्राँग हवी ते विचारून या. त्या दिवसापासून काकांचा सहाचा वर्ग सुटला. कधी कर्नाल, कधी लुधियाना, आठ आठ दिवस पत्ता नाही. घरी आले की थकून आतल्या खोलीत कागद पसरून बसायचे. बाल्कनीच्या कोपऱ्यात नमुन्याची खोकी येऊन पडायला लागली. आता बाटल्यांवर लाल अक्षरांत 'स्ट्राँग' लिहिलेलं होतं.

काकू सहाला बसायच्याच. दोन्ही ग्लास मांडायच्या. काका शहरात असले तर दोन्ही भरायच्या, ते अर्ध्या वाटेत असतील, येतीलच म्हणून. ते आठला यायचे किंवा यायचेच नाहीत. बिअर एकदा ओतली की परत बाटलीत जात नाही. मी एकदा म्हटलं, "काकू, तो ग्लास मोरीत ओता ना." त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी भात कचऱ्यात टाकायला सांगितलंय. "टाकायचं कसं गं? भरलेलं पान कोणी टाकतं का?" आणि त्यांचा ग्लास संपल्यावर त्यांनी काकांचाही संपवला. आधी तो एकच ग्लास. मग काका दौऱ्यावर असतानाही दोन भरले जायला लागले.

माझी शाळा सकाळची. दुपारी घरी यायचे तर आधी त्या माझ्यासाठी ताट वाढून ठेवायच्या. मग ताट दिसेना. मग एके दिवशी कुकर जळलेला आणि काकू भर उन्हात बाल्कनीत, समोर दोन ग्लास. "आलीस? ये, बस," म्हणाल्या. जीभ जड. मला बघवेना. मी गॅस बंद केला, खुर्ची सावलीत ओढली आणि त्यांना आत आणून निजवलं. त्यांच्या हाताला शेंगदाण्याची सालं चिकटली होती.

काका दौऱ्यावरून आले त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. काकू पितात, दुपारपासून पितात, स्ट्राँग पितात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता हादरतील. त्यांनी पेन घेतलं. गेल्या महिन्यात खोकी किती आली, उरली किती, यावरून घरात किती बाटल्या संपल्या ते काढलं, आणि त्याला दोनानं भागलं. मग मान वर करून म्हणाले, "तू उगाच घाबरलीस. हे दरडोई बाव्हेरियाच्या जवळपाससुद्धा जात नाही. चेक बाई याला हसेल."

"काका," मी म्हटलं, "घरात डोकी दोन असतील. पिणारं डोकं एकच आहे."

"सरासरी अशी काढत नाहीत, बेटा. घर हे एक धरायचं असतं."

"तुम्ही तर महिन्यात एकही ग्लास घेतला नाहीत."

"म्हणूनच तर सरासरी काढतात," ते म्हणाले, अगदी मायेनं, शाळेतल्या पोराला समजवावं तसं. आणि वर हेही म्हणाले, की जिथं बाई उघड्यावर, उजेडात, आपल्या बाल्कनीत बसून पिते, तो समाज पुढं गेलेला असतो. मी कपाळाला हात लावला. पुढं दोनदा सांगितलं, कऱ्हाडला त्यांच्या भावाला फोनही केला. भाऊ म्हणाला, आमचे दाजी विद्वान आहेत, ते बघतील.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, काकूंचे डोळे पिवळे झाले. दिल्लीचं पाणी, कावीळ, असं म्हणत काकांनी उसाचा रस आणला. पोट फुगायला लागलं तेव्हा हॉस्पिटलात नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरीण तरुण होती, चटपटीत. तपासून झाल्यावर काकांकडे वळून तिनं विचारलं, "कितनी लेती हैं?"

"सोशल ड्रिंकर हैं," काका म्हणाले. "शाम को एक गिलास, मेरे साथ. आप अगर जर्मनी का हिसाब देखें, तो वहाँ औरतें..."

"डॉक्टरसाहब," काकू कॉटवरून म्हणाल्या. आवाज बारीक होता पण स्पष्ट. "इनसे देशों का पूछिए. मेरा मैं बताती हूँ."

आणि त्यांनी सांगितलं. सकाळपासूनचं सगळं, न लाजता, न रडता. डॉक्टरीण लिहून घेत होती. काका पलंगाच्या पायथ्याशी दांडी धरून उभे होते. मध्येच त्यांनी एकच विचारलं, "सकाळीसुद्धा?" काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीण आम्हाला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, उशीर झालाय.

पुढचे दिवस मी शाळा सुटली की तिकडे जायचे. एका दुपारी काका औषधं आणायला खाली गेले होते. काकूंना ग्लानीतून जरा जाग आली होती. मी त्यांचे ओठ कापसानं ओले करत होते. मला राहवलं नाही. विचारलं, "काकू, एवढी आवडायची का हो ती?"

"आवडायची?" त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून कडू लागली. कारलं परवडलं."

"मग कशाला?"

"अगं, लग्न झाल्यापासून हा माणूस घरी आला की पेपर उघडायचा. मी समोर आहे की भिंत, याला पत्ता नाही. परदेशातून आले आणि पहिल्यांदा समोर बसले. ग्लास संपेपर्यंत बोलायचे. डोळ्यांत बघायचे. मी आपली घोट घोट घ्यायची, म्हणजे वेळ जास्त पुरतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "नंतर नंतर ते नसले तरी, ती घेतली की समोर बसल्यासारखे वाटायचे."

त्या हिवाळ्यातून काकू निघाल्या नाहीत. घरी आणलं तेव्हा धुकं उतरलं होतं आणि बिल्डिंगच्या खाली माणसं जमली होती. भजनाच्या बायका आल्या. सगळ्या आल्या. सवाष्ण गेली म्हणून त्यांना हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, आणि ओळीनं एकेकीनं हळदीकुंकू लावलं. कपाळ भरून गेलं. एकजण हुंदके देत मला म्हणाली, "किती साधी होती गं." मला तिच्या हातातला करंडा हिसकावून घ्यावासा वाटला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

मी त्या खोलीत आणखी काही महिने होते. मग कॅनॉट प्लेसच्या जवळ मैत्रिणीबरोबर जागा मिळाली. निघण्याच्या दिवशी किल्ली द्यायला गेले तर काका दिवाणखान्यात बसले होते. नोकरी सोडली होती. दाढी वाढलेली. माणसांना देश देणं त्यांनी केव्हाच थांबवलं होतं. बस म्हणाले. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "एक विचारू? तुझ्या काकूला बिअर आवडायची ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या माणसानं आयुष्यभर खरे आकडे मागितले होते, आणि मला त्यांचा रागही होता. मी सांगितलं. कडू लागायची, पहिल्या दिवसापासून. तुम्ही समोर बसायचात म्हणून घ्यायच्या.

"मग तिनं सांगितलं का नाही? चहा घेऊन बसलो असतो."

"बसला असतात?"

मी ते टोचायला विचारलं होतं. पण त्यांनी तो प्रश्न खराच घेतला. खाली बघून, बोटं एकमेकांत अडकवून, मागची सगळी वर्षं तपासल्यासारखे ते विचार करत बसले. रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "नुसत्या चहासाठी मी तिच्यासमोर बसलो नसतो."